छोट्या क्लस्टर-फलकाची परीक्षा : वेग आणि समतोल

संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळांत गेल्या काही वर्षांत एका नव्या साधनाचा प्रवेश झाला आहे. एका लहान फलकावर चार, सहा किंवा सात एकफलकी संगणकांची मॉड्यूले ओळीने बसवावयाची, त्या सर्वांना त्याच फलकावरील स्विचने जोडावयाचे आणि एकाच पुरवठ्यावर चालवावयाचे, अशी ही रचना आहे. रास्पबेरी पाय हा एकफलकी संगणक २०१२ च्या फेब्रुवारीत बाजारात आला; त्याचे मॉड्यूल-रूप २०१४ मध्ये निघाले. २०२० च्या ऑक्टोबरातील चौथे आणि २०२४ च्या नोव्हेंबरातील पाचवे मॉड्यूल ही दोन्ही केवळ ५५ मिलिमीटर लांब व ४० मिलिमीटर रुंद आहेत. ट्युरिंग पाय २ या फलकावर अशी चार मॉड्यूले बसतात, डेस्कपाय सुपर-६सी या फलकावर सहा, तर सिपीडच्या नॅनोक्लस्टरवर सात. ज्या यंत्रासाठी एके काळी स्वतंत्र दालन लागे, त्याची प्रतिकृती आता पुस्तकाएवढ्या जागेत मावते, असे म्हणावयास हरकत नाही.

अशा फलकाची परीक्षा कशी करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. विक्रेत्याच्या पत्रकात प्रत्येक मॉड्यूलचा वेग दिलेला असतो. त्यास मॉड्यूलांच्या संख्येने गुणले की संपूर्ण फलकाचा वेग मिळतो, अशी समजूत सहज होते. ही समजूत घेऊन एखाद्या विभागाने आपले तुटपुंजे अनुदान खर्च केले, तर हाती येणारे यंत्र अपेक्षेच्या एक-दशांश काम करते असे आढळण्याचा संभव असतो. त्याहून मोठी हानी अशी की, विद्यार्थी समांतर गणनाविषयी चुकीचा धडा शिकून बाहेर पडतात. म्हणून फलक किती वेगवान आहे हे विचारण्यापूर्वी त्यातील गणन, स्मृती, संदेशवहन, उष्णता व वीज यांचा परस्परांशी समतोल कोठे बिघडतो, हे विचारावयास हवे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर धरू. नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हे गुजरातच्या सीमेजवळचे, डोंगराळ व आदिवासीबहुल प्रदेशातील गाव आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील दमणगंगेच्या वरच्या खोऱ्यात हा प्रदेश मोडतो. येथे पाऊस मुसळधार पडतो आणि पावसाळी वाऱ्यात वीज जाणे ही नवलाची गोष्ट नव्हे. अशा गावातील महाविद्यालयात वातानुकूलित संगणक-दालन उभारणे परवडणारे नाही. परंतु टेबलावर मावणारा व थोड्या विजेवर चालणारा क्लस्टर ठेवता येईल काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना महाराष्ट्रातच पूर्वी घडलेल्या एका मोठ्या प्रयोगाची आठवण उपयोगी पडते.

१. पुण्यातील पूर्वपीठिका

१९८० नंतरच्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी व अन्य शास्त्रीय कार्यासाठी भारतास महासंगणकांची गरज भासू लागली. परंतु अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांमुळे ते हवे तसे मिळेनात. या परिस्थितीत १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम’ या यंत्राची उभारणी सुरू झाली. एकच अतिवेगवान प्रोसेसर घडविण्याचा मार्ग तिने घेतला नाही. बाजारात मिळणारे साधे प्रोसेसर मोठ्या संख्येने एकत्र जोडून त्यांच्याकडून समांतर काम करून घ्यावे, ही त्या योजनेमागील कल्पना होती. आजच्या छोट्या क्लस्टर-फलकामागील कल्पना तत्त्वतः तीच आहे.

परम ८००० या यंत्रात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे टी-८०० व टी-८०५ जातीचे ट्रान्सप्युटर वापरले होते. ६४ घटकांचे पहिले यंत्र १९९१ च्या ऑगस्टमध्ये कार्यस्थळी देण्यात आले. २५६ घटकांच्या परम ८००० ची सैद्धान्तिक कमाल गती सेकंदास १ अब्ज दशांश-क्रियांची, म्हणजे १ गिगाफ्लॉपची होती. प्रत्यक्ष कामात मात्र ती १०० ते २०० मेगाफ्लॉपच्या दरम्यान राही. म्हणजे सैद्धान्तिक गतीच्या १० ते २० टक्केच गती वापरात उतरे.

हा आकडा वाचून त्या यंत्राविषयी अनुदार मत बनविणे योग्य ठरणार नाही. कागदावरील वेग आणि कामातील वेग यांत अंतर पडणे हा समांतर यंत्रांचा सर्वसाधारण धर्म आहे. ते अंतर किती पडेल हे यंत्राइतकेच त्यास दिलेल्या प्रश्नावर अवलंबून असते. याचे उलट दिशेचे उदाहरणही पुण्यातच सापडते. टाटा उद्योगसमूहाच्या ‘एका’ या महासंगणकास २००७ च्या नोव्हेंबरात जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत चौथे स्थान मिळाले. त्याची लिनपॅक चाचणीवरील गती ११७.९ टेराफ्लॉप व सैद्धान्तिक कमाल गती सुमारे १७०.९ टेराफ्लॉप होती. म्हणजे गुणोत्तर ६९ टक्के. यावरून ‘एका’ हे यंत्र परम ८००० पेक्षा चारपट अधिक कार्यक्षम होते असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. कारण एका बाजूस विविध कामांतील टिकाऊ गती आहे, तर दुसऱ्या बाजूस एका विशिष्ट व अनुकूल चाचणीवरील गती आहे. कोणत्या कामावर मोजले हे सांगितल्यावाचून कार्यक्षमतेच्या टक्केवारीस अर्थ राहत नाही, हा यातील पहिला बोध होय.

२. समतोलाचे गणित

आता पाचव्या मॉड्यूलाचा विचार करू. त्यात २.४ गिगाहर्ट्झ चालीचे चार कॉर्टेक्स-ए७६ गाभे आहेत. प्रत्येक गाभ्यात १२८ बिटांचे दोन गणन-मार्ग असून प्रत्येक मार्ग एका ठोक्यास दोन द्विगुण-अचूक संख्यांचा गुणाकार व बेरीज एकदमच करतो. म्हणजे एका ठोक्यास ८ क्रिया झाल्या. चार गाभ्यांची कमाल गती ४ × २.४ × ८, म्हणजे ७६.८ गिगाफ्लॉप येते. चार मॉड्यूलांच्या फलकाची गती कागदावर ३०७ गिगाफ्लॉप होते. परम ८००० च्या २५६ घटकांच्या यंत्राहून ही गती तीनशे पट आहे.

परंतु प्रोसेसरला संख्या कोणी पुरवावयाच्या ? मॉड्यूलाची स्मृती ३२ बिट रुंदीच्या मार्गाने सेकंदास ४,२६७ दशलक्ष हस्तांतरणे करते. म्हणजे सेकंदास सुमारे १७ गिगाबाइट. आठ बाइटांची एक संख्या धरल्यास सेकंदास सुमारे २.१ अब्ज संख्या प्रोसेसरपर्यंत पोचतात. यावरून असे दिसते की, कमाल गती गाठण्यासाठी स्मृतीतून आणलेल्या प्रत्येक संख्येवर सरासरी ३६ क्रिया घडावयास हव्यात. याहून कमी घडत असतील, तर गाभे हात बांधून बसतात.

शेजारच्या मॉड्यूलाकडून संख्या आणावयाची असेल तर स्थिती याहून बिकट आहे. फलकावरील स्विचची जोडणी सामान्यतः सेकंदास १ गिगाबिटची असते. म्हणजे सेकंदास १२५ मेगाबाइट, अर्थात १ कोटी ५६ लक्ष संख्या. ७६.८ अब्जास या संख्येने भागले असता सुमारे ४,९०० येतात. दुसऱ्या मॉड्यूलाकडून आलेल्या प्रत्येक संख्येमागे जवळपास पाच हजार क्रिया करावयाच्या असतील, तरच प्रोसेसर व संदेशवहन यांची जोडी जुळेल.

हेच गुणोत्तर जुन्या ट्रान्सप्युटरसाठी काढून पाहणे उद्बोधक आहे. ३० मेगाहर्ट्झ चालीच्या टी-८०० ची कमाल गती ४.३ मेगाफ्लॉप होती. त्याच्या अंगावरच संदेशवहनाचे चार दुवे होते. प्रत्येक दुव्याची चाल सेकंदास २० मेगाबिट असून त्यातून एका दिशेने सेकंदास सुमारे १.७४ मेगाबाइट माहिती प्रत्यक्ष जाई. म्हणजे सुमारे २ लक्ष १७ हजार संख्या. येथे एका संख्येमागे अवघ्या २० क्रिया पुरत. चारही दुवे एकदम चालविल्यास ५ पुरत. तात्पर्य, तीस-पस्तीस वर्षांत एका घटकाचा गणन-वेग सुमारे अठरा हजार पट वाढला, पण संदेशवहनाचा वेग एका दुव्याशी तुलना करता सुमारे सत्तर पटच वाढला. समतोल अडीचशे पटींनी ढळला. चार दुव्यांचा हिशेब केल्यास तो जवळपास हजार पटींनी ढळला, असे म्हणावे लागते.

ट्रान्सप्युटर हा दुसऱ्या ट्रान्सप्युटरशी बोलण्यासाठीच जन्मास आला होता. आजचे मॉड्यूल हे मूलतः एकट्याने काम करणारा संगणक आहे. क्लस्टर-फलकाने त्यास शेजारी दिले आहेत, इतकेच. नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ मध्ये थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी १६ सामान्य संगणक इथरनेटने जोडून ‘बेओवुल्फ’ हा क्लस्टर उभारला. तेव्हापासून स्वस्त क्लस्टरांनी हाच मार्ग पत्करला आहे. स्वस्ताईचे मोल संदेशवहनात मोजावे लागते. फलकाच्या परीक्षेत पहिली मापे संदेशवहनाची घ्यावीत, हे त्यामुळेच.

हे माप घेण्याची रीत सोपी आहे. एका मॉड्यूलाने दुसऱ्यास संदेश पाठवावा, दुसऱ्याने तो तत्काळ परत करावा आणि लागलेल्या वेळेचे अर्ध करावे. संदेशाची लांबी ८ बाइटांपासून काही मेगाबाइटांपर्यंत वाढवीत न्यावी. आलेखावर बहुतेक सरळ रेषा मिळते : वेळ म्हणजे आरंभीचा स्थिर विलंब अधिक लांबी भागिले वेग. विलंब १०० मायक्रोसेकंद व वेग सेकंदास १२५ मेगाबाइट धरला, तर त्यांचा गुणाकार १२,५०० बाइट येतो. इतक्या लांबीच्या संदेशास जोडणीचा अर्धा वेग मिळतो. त्याहून आखूड संदेश पाठविणे म्हणजे एका पोस्टकार्डासाठी सबंध टपालगाडी हाकण्यासारखे आहे. शिवाय, हे माप मॉड्यूलांच्या प्रत्येक जोडीसाठी व सर्व जोड्या एकदम बोलत असताना, असे दोन्ही प्रकारे घ्यावे. बाहेरच्या जाळ्याशी जोडणारा दुवा सर्वांत मिळून एकच असतो, हेही विसरू नये. सात मॉड्यूले बाहेरील साठ्यातून एकाच वेळी माहिती ओढू लागली, तर प्रत्येकीच्या वाट्यास सेकंदास १८ मेगाबाइटच येतील.

३. दमणगंगेच्या खोऱ्याचे उदाहरण

वरील गुणोत्तरांचा प्रत्यक्ष कामावर काय परिणाम होतो हे एका उदाहरणाने स्पष्ट करू. डोंगरउतारावर पडलेले पावसाचे पाणी कसे वाहत जाते याचे गणित करताना प्रदेशाची चौकटी-चौकटींत विभागणी करतात आणि प्रत्येक चौकटीतील पाण्याची नवी पातळी तिच्या चार शेजारी चौकटींवरून काढतात. चौकटीची बाजू ३० मीटर धरू. ४,००० × ४,००० चौकटींचे जाळे घेतले तर १२० किलोमीटर बाजूचा चौरस होतो; त्र्यंबकच्या डोंगरापासून दमणच्या किनाऱ्यापर्यंतचा प्रदेश त्यात येतो. ४०० × ४०० चौकटींचे जाळे घेतले तर १२ किलोमीटर बाजूचा, म्हणजे हरसूलच्या आसमंताचा, चौरस होतो. हे उदाहरण गणनाचे स्वरूप दाखविण्यासाठी सोपे केलेले आहे. खऱ्या जलशास्त्रीय प्रतिमानात प्रत्येक चौकटीमागे याहून अधिक राशी असतात.

प्रथम मोठे जाळे घेऊ. प्रत्येक चौकटीसाठी वाचणे व लिहिणे मिळून स्मृतीतून २४ बाइटांची ने-आण होते असे धरल्यास १ कोटी ६० लक्ष चौकटींसाठी एका पायरीस ३८४ मेगाबाइट हलतात. एकट्या मॉड्यूलास यासाठी सुमारे २२.५ मिलिसेकंद लागतील. आता जाळ्याचे चार पट्टे करून ते चार मॉड्यूलांस वाटून दिले. प्रत्येकीचे गणन ५.६ मिलिसेकंदांत संपेल. परंतु प्रत्येक पायरीनंतर पट्ट्यांच्या कडेच्या ओळी शेजाऱ्यास कळवाव्या लागतील. मधल्या पट्ट्याच्या दोन ओळी म्हणजे ८,००० संख्या, अर्थात ६४,००० बाइट. त्यांस सुमारे ०.५ मिलिसेकंद आणि दोन संदेशांच्या आरंभीच्या विलंबास ०.२ मिलिसेकंद. एकूण सुमारे ६.३ मिलिसेकंद होतात. चार मॉड्यूलांनी काम साडेतीन पट वेगाने झाले. हे फळ समाधानकारक आहे.

आता लहान जाळे घेऊ. त्यात १,६०,००० चौकटी आहेत. एकट्या मॉड्यूलास ०.२३ मिलिसेकंद लागतात. चौघांत वाटल्यास प्रत्येकीचे गणन ०.०६ मिलिसेकंदांत आटोपते. पण कडेच्या ओळींस ०.०५ व विलंबास ०.२ मिलिसेकंद खर्ची पडतात. बेरीज ०.३१ मिलिसेकंद होते. चौघींनी मिळून केलेले काम एकटीने केलेल्या कामापेक्षा मंद झाले !

वस्तुतः यात विस्मय वाटण्याजोगे काही नाही. जाळे वाढवीत गेल्यास गणन क्षेत्रफळाच्या प्रमाणात व संदेशवहन परिमितीच्या प्रमाणात वाढते, हे साधे भूमितीचे तत्त्व त्याच्या मुळाशी आहे. पण परीक्षकाने यावरून एक नियम घ्यावयास हवा : फलकाची परीक्षा कधीही एकाच आकाराच्या प्रश्नावर करू नये. लहानापासून मोठ्यापर्यंत किमान पाच-सहा आकार घ्यावेत, आणि कोणत्या आकारापासून दुसरे मॉड्यूल उपयोगी पडू लागते व कोणत्या आकारापासून चौथे, ते शोधावे. हा उंबरठ्याचा आकारच त्या फलकाचा खरा परिचय होय. हरसूलच्या आसमंतापुरते गणित करणाऱ्या अभ्यासकास एक मॉड्यूल पुरेसे आहे. खोऱ्याचे गणित करणाऱ्यास चार हवीत.

४. लिनपॅकची मर्यादा

क्लस्टरची गती सांगताना बहुधा लिनपॅक चाचणीचा आकडा दिला जातो. या चाचणीत एकघाती समीकरणांचा एक प्रचंड संच सोडवावयाचा असतो. चार मॉड्यूलांत प्रत्येकी ८ गिगाबाइट स्मृती असेल, तर एकूण ३२ गिगाबाइटांपैकी ८० टक्के वापरून सुमारे ५६,५०० समीकरणांचा संच मांडता येतो. त्यास लागणाऱ्या क्रिया समीकरण-संख्येच्या घनाच्या दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे १२० लक्षकोटी होतात. यंत्राने कमाल गतीच्या ३० टक्के गती राखली असे धरल्यास चाचणी सुमारे २२ मिनिटे चालेल.

या चाचणीत क्रिया घनाच्या प्रमाणात वाढतात, तर संख्यांची ने-आण वर्गाच्या प्रमाणात. म्हणून प्रश्न जितका मोठा तितका संदेशवहनाचा दोष झाकला जातो. लिनपॅक निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. गाभे, स्मृती, वीजपुरवठा व पंखे यांवर दीर्घकाळ पूर्ण भार टाकण्यासाठी ती उत्तम आहे. मात्र तिच्या शेजारी खोऱ्याच्या उदाहरणासारखी, स्मृती व संदेशवहन यांवर भार टाकणारी चाचणी ठेवावयासच हवी. दोन्ही आकडे एकत्र दिले तरच वाचकास यंत्राच्या दोन्ही बाजू दिसतात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे अगत्याचे आहे. आठ गाभ्यांचा, ३.५ गिगाहर्ट्झ चालीचा व ठोक्यास १६ क्रिया करणारा सामान्य टेबल-संगणक घेतला, तर त्याची सैद्धान्तिक गती ४४८ गिगाफ्लॉप येते. चार मॉड्यूलांच्या फलकाहून ती अधिक आहे, आणि तेथे गाभ्यांमधील संदेशवहन स्विचमधून जात नाही. केवळ वेग हवा असणाऱ्याने क्लस्टर-फलक घेऊ नये. क्लस्टर-फलकाचे प्रयोजन निराळे आहे : अनेक स्वतंत्र संगणकांकडून एक काम करवून घेण्यात ज्या अडचणी महासंगणकात येतात, त्याच येथे लहान प्रमाणावर, विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर व त्याच्या हाताखाली येतात.

५. उष्णता व वीज

वातानुकूलित खोलीत घेतलेली मापे सह्याद्रीच्या पायथ्याशी किंवा माथ्यावर तशीच लागू पडतील असे गृहीत धरता येत नाही. रास्पबेरी पाय मॉड्यूलाचा प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसला पोचला की आपली चाल आपोआप कमी करू लागतो, आणि ८५ अंशांस ही कपात अधिक कडक होते. प्रोसेसरचे तापमान म्हणजे भोवतीच्या हवेचे तापमान अधिक वीजव्यय गुणिले उष्णतारोध. उष्णतापसारकाचा रोध प्रतिवॅट ८ अंश व व्यय ६ वॅट असेल, तर वाढ ४८ अंशांची होईल. २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७३ अंशांवर स्थिरावेल व चाचणी निर्विघ्न पार पडेल. एप्रिल-मे महिन्यांत हवा ३८ अंशांवर गेली की हीच बेरीज ८६ अंश होते आणि तोच फलक मंद चालू लागतो. यंत्रात काही बिघाड झालेला नसतो, आज्ञावलीही बदललेली नसते. बदललेला असतो तो केवळ ऋतू.

म्हणून प्रत्येक मापाबरोबर खोलीचे तापमान नोंदवावे, आणि चाचणी निदान अर्धा तास अखंड चालवावी. पहिल्या दोन मिनिटांतील वेग हा थंड धातूचा वेग असतो. तापमान स्थिर झाल्यानंतरचा वेग हाच खरा. चाल कमी झाली होती काय व विद्युत्दाब अपुरा पडला होता काय, याची नोंद मॉड्यूल स्वतःच ठेवते. चाचणीपूर्वी व चाचणीनंतर ती वाचून अहवालात लिहावी.

विजेच्या अंदाजपत्रकाचाही असाच विचार करावा. फलकाचा पुरवठा ६० वॅटचा असेल, त्यातील १० टक्के रूपांतरात गेले, आणि स्विच व पंखा यांनी ६ वॅट घेतले, तर मॉड्यूलांसाठी ४८ वॅट उरतात. चार मॉड्यूलांस प्रत्येकी १२ वॅट मिळतील. सात बसविल्यास सातांपेक्षाही कमी. सातवे मॉड्यूल बसविल्याने एकूण वेग वाढण्याऐवजी सर्वांचा दाब घसरून तो कमीही होऊ शकतो. मॉड्यूले एकेक वाढवीत प्रत्येक टप्प्यावर मापन केले तरच ही मर्यादा दृष्टीस पडते.

हरसूलसारख्या ठिकाणी या साधनाची एक जमेची बाजू मात्र येथेच दिसते. घरगुती इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी १,८०० वॅट-तास साठविते. त्यातील निम्मेच वापरावे असे ठरविले व रूपांतरात पाचवा हिस्सा गेला, तरी ७२० वॅट-तास उरतात. ६० वॅटचा क्लस्टर त्यावर बारा तास चालेल. रात्रभर वीज नसली तरी गणित थांबणार नाही. मात्र बॅटरी संपून वीज अकस्मात गेली तर काय होते, याचीही परीक्षा व्हावयास हवी. भार चालू असताना पुरवठा हेतुपुरस्सर तोडावा, पुन्हा जोडावा, आणि सर्व मॉड्यूले विनासायास उठतात काय, साठ्यातील माहिती शाबूत आहे काय, व अर्धवट राहिलेले काम शेवटच्या जतन केलेल्या पायरीपासून पुढे चालते काय, हे पाहावे. हा प्रयोग एकदा करून भागत नाही. दहा-वीस वेळा करावा. ज्या फलकावर एक मॉड्यूल दहांतून एकदा उठत नाही, तो फलक ग्रामीण प्रयोगशाळेच्या कामाचा नाही, मग त्याचा वेग काहीही असो.

६. प्रयोगाची मांडणी

एका खणातील मॉड्यूल इतरांहून मंद आढळले, तर दोष मॉड्यूलाचा की खणाचा ? पंख्यापासून दूर असलेल्या खणास शेजाऱ्यांनी तापविलेली हवा मिळते. उलटपक्षी, एखादे मॉड्यूल जात्याच अधिक तापणारे असते. शिवाय, दिवसागणिक खोलीचे तापमान बदलते. या तीन कारणांची सरमिसळ सोडविण्याचे साधन शेतीच्या प्रयोगशास्त्राने फार पूर्वीच दिले आहे. ते म्हणजे लॅटिन चौरस. वि. गो. पानसे व पां. वा. सुखात्मे यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृषि-संशोधकांसाठीच्या संख्याशास्त्रीय ग्रंथामुळे ही रीत आपल्याकडील संशोधकांच्या परिचयाची झाली. शेताच्या वाफ्यांसाठी वापरावयाची मांडणी फलकाच्या खणांस जशीच्या तशी लागू पडते.

चार मॉड्यूलांस अ, ब, क, ड अशी नावे द्यावीत. पहिल्या दिवशी खणांत त्यांचा क्रम अ-ब-क-ड, दुसऱ्या दिवशी ब-ड-अ-क, तिसऱ्या दिवशी ड-क-ब-अ, चौथ्या दिवशी क-अ-ड-ब असा ठेवावा. यात प्रत्येक मॉड्यूल प्रत्येक खणात एकदाच येते. शिवाय, प्रत्येक मॉड्यूल दुसऱ्या प्रत्येक मॉड्यूलाच्या लगेच पुढच्या खणात बरोबर एकदाच येते. त्यामुळे तापलेल्या हवेचा शेजारदोषही समान वाटला जातो. नुसता चक्राकार क्रम घेतला असता हा दुसरा गुण मिळत नाही, हे ध्यानात घ्यावे. सोळा निरीक्षणांतून खण, दिवस व मॉड्यूल यांचे परिणाम वेगळे काढल्यावर प्रमादासाठी सहा मुक्तांश उरतात. ते फार नाहीत. म्हणून शक्य असल्यास सबंध चौरस दुसऱ्यांदा करावा.

७. उपसंहार

आतापर्यंतच्या विवेचनाचा सारांश असा. क्लस्टर-फलकाच्या अहवालात कमाल गतीचा आकडा एकटा कधीही देऊ नये. त्याच्यासमवेत संदेशाचा विलंब व वेग, निदान दोन भिन्न प्रकृतींच्या चाचण्यांवरील टिकाऊ गती, मॉड्यूले वाढवावीत तसा पडणारा फरक, ज्या आकारापासून समांतर गणन लाभदायक ठरते तो उंबरठा, खोलीचे व प्रोसेसरचे तापमान, एक काम पुरे करण्यास भिंतीतील जोडणीवर मोजलेली वॅट-तासांतील वीज, आणि वीज तोडून केलेल्या परीक्षेचा निकाल, इतक्या गोष्टी असाव्यात. हे सर्व मोजण्यास घड्याळ, तापमापक व साधा वीजमापक यांपलीकडे महाग उपकरण लागत नाही. लागते ती चिकाटी.

परम ८००० उभारणाऱ्यांपुढे जो प्रश्न होता, तोच या पुस्तकाएवढ्या फलकापुढेही आहे : अनेकांना एकत्र आणणे सोपे, त्यांच्याकडून एकत्र काम करवून घेणे अवघड. पुण्यातील यंत्राने हा प्रश्न २५६ घटकांवर मांडला. हरसूलच्या विद्यार्थ्यास तो चार घटकांवर मांडता येईल, आणि लहान जाळ्यावर चार मॉड्यूले एकापेक्षा मंद का चालली, याचे उत्तर त्यास स्वतः मोजून काढता येईल. असा विद्यार्थी पुढे महासंगणकावर काम करू लागला, तर घटकांची संख्या वाढविण्यापूर्वी प्रथम संदेशवहनाचा हिशेब मागेल. विभागांनी हा फलक विकत घ्यावा की नाही याचा निर्णय याच कसोटीवर घेणे युक्त ठरेल.